जिना 'ब' मधल्या तात्पुरत्या पंतप्रधान

ज्याला कोणीच निवडलेले नसते, त्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नसते. देश चालवण्याचा याहून भक्कम पाया अजून सापडलेला नाही. डिसेंबरातल्या त्या सकाळी, सोफियातल्या आमच्या इमारतीच्या 'ब' जिन्यावर एकवीस भांडी पाणी, दोन अंगरक्षक, एक बंद लिफ्ट आणि उणे नऊ तापमान होते. पाचव्या मजल्यावरच्या वेलिस्लावा गांचेवा पंतप्रधानपदाची सूत्रे घ्यायला निघाल्या होत्या.

वेलिस्लावाबाई अर्थतज्ज्ञ. कारकीर्द सरळ आहे. भाव वाढतील असे त्यांनी लिहिले, भाव वाढले, आणि भाव वाढवल्याबद्दल त्यांची बदली झाली. (नव्या जागी भाव उतरतील असे लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले नाही, भाव उतरले नाहीत. तो ठपकाही त्यांच्यावरच.) पुढे सरकार पडले. सर्व पक्षांना सारखीच नकोशी अशी एकच व्यक्ती देशात आढळल्याने, निवडणूक होईपर्यंत कारभार पाहायला त्यांची एकमताने नेमणूक झाली.

मोठ्या कामाला निघालेल्याच्या पायांपुढे आमच्याकडे पाणी ओततात, म्हणजे काम पाण्यासारखे वाहते. चोवीसपैकी एकवीस घरांनी ओतले. (उरलेल्या तीन घरांत कोणी राहत नाही.) पाणी वाहिले नाही, गोठले. तिसऱ्या मजल्यावरून पहिला अंगरक्षक, दुसरा अंगरक्षक आणि पंतप्रधान, राजशिष्टाचाराला धरून, याच क्रमाने खाली आले.

"लागलं का गं पोरी?" खालच्या मजल्यावरच्या गेनोकाकांनी दारातून विचारले आणि भांड्यात उरलेले पाणीही ओतले.

"काका, पुरे आता. पुढच्या सरकारला ठेवा थोडं."

उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्या हाताने सही झालेला पहिला हुकूम रस्त्यांवर मीठ टाकण्याचा होता, आणि त्या हिवाळ्यात मीठ पडले. (आधीही दरवर्षी पडायचे, कागदावर.) मंत्री ट्रामने आले. पाव मिळाला. निवडणूक ठरल्या तारखेला झाली. आमच्या जिन्यात काळजी पसरली, की कोणीच खात नाही म्हणजे प्रकरण फार मोठे असणार. पुतण्याला कस्टममध्ये चिकटवा म्हणून गेनोकाका भेटायला गेले, तर बाईंनी त्यांना भरतीपरीक्षेची तारीख सांगितली.

निवडून आलेले सरकार वर्षभरात पडले. तोवर बाईंच्या जुन्या कचेरीत त्यांची खुर्ची उरलेली नव्हती. आता संसदेत जायचे, नाहीतर घर विकून वार्नाला बहिणीकडे राहायचे. त्या अपक्ष उभ्या राहिल्या, दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात राकियाचा, म्हणजे घरगुती दारूचा, पेला मिळाला, गालांचे मुके मिळाले आणि 'तूच गं आमची' हे आश्वासन मिळाले.

मतदानानंतर मी, विज्ञानाचा पदवीधर असल्याने, मत न मांडता, मत कोणाला दिले अशी घरोघर विचारणा केली. गेनोकाका म्हणाले, "चांगलं माणूस तात्पुरतंच बरं, बाळा. कायमचं ठेवलं की आपल्यालाही चांगलं वागावं लागतं."

"म्हणजे तुम्ही दिलं नाहीत?"

"दिलं की. तिलाच दिलं. शेजारधर्म आहे."

आम्ही तिथे असतो तर बाईंनाच मत दिले असते, असे वाचक म्हणतील. नोंद घेतली आहे. सगळे जिने मिळून आमच्या इमारतीत मतदान केलेल्या दोनशे बारा जणांपैकी एकशे सत्त्याऐंशी जणांनी बाईंनाच मत दिल्याचे सांगितले. पेटीतून नऊ निघाली.