राजय्यामामांची मागची काच

सोलापुरात तुमची रिक्षा सिग्नलला उभी असेल आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीवर बाहेरून कुणीतरी पंचा फिरवत असेल, तर घाबरू नका. ते राजय्यामामा. खिडकी पुसून झाली की ते वाकून आत बघतील, तुमच्यासमोर तीन बोटं धरतील आणि विचारतील, "किती?" तुम्ही "तीन" म्हणालात तर मान हलवून पुढच्या रिक्षाकडे जातील. गप्प राहिलात तर सिग्नल सुटला तरी रिक्षा सोडणार नाहीत. मागून हॉर्न वाजतात, रिक्षावाला तोंड सोडतो आणि मामा शांतपणे म्हणतात, "थांब की ओ जरा. पाशिंजरनं उत्तर दिलं न्हाई अजून."

माणूस वेडा नाही. निदान तसा दाखला कुणाकडे नाही. रिक्षांची हूडं, म्हणजे वरची कापडी छपरं, शिवणं हा त्यांचा धंदा आणि साखर पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान. वडील हातमागावर होते, मामा यंत्रमागावर. माग विकले गेले तेव्हा मामांनी शिलाई मशीन घेतलं. घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, रिक्षावाल्यांशी दखनी उर्दू. नकार मात्र बोलणं कुठल्याही भाषेत चाललेलं असो, तेलुगूतच देतात. "कादु." म्हणजे, तसं नाही. हा एक शब्द वीस वर्षं ऐकून माझं रक्त आटलं आहे.

माझ्या स्कूटरला मी तपकिरी सीट कव्हर सांगितलं होतं. मामांनी काळं शिवलं. मी आवाज चढवला तर म्हणाले, "कादु. तपकिरीवर धूळ दिसत न्हाई सर. धूळ दिसली तरच मानूस पुसतो." मी एका शाळेचा मुख्याध्यापक. शिक्षक माझ्यासमोर आवाज काढत नाहीत. या माणसापुढे मात्र मी काळ्या कव्हरवर बसून घरी आलो.

एकदा एक रिक्षावाला मागच्या खिडकीवर आवडत्या हिरोचं भलंमोठं चित्र चिकटवून आला. हूड नवं पाहिजे, चित्र तेवढं तसंच ठेवा, असं त्याचं म्हणणं. मामांनी चित्राचा तुकडा कापला, गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "ह्याला घरात भिंतीला लाव. खिडकीत मानूस दिसला पायजे." तो गडी पुन्हा आला नाही. अशी किती गिऱ्हाइकं गेली याची मामांना फिकीर नव्हती.

माप घ्यायची तऱ्हा तर विचारू नका. टेप नंतर निघतो. आधी मालकाला मागच्या सीटवर उलटं बसवायचं आणि स्वतः बोळाच्या टोकाला, कडुलिंबापर्यंत चालत जायचं. तिथे हात वर करून ओरडायचं, "दिसतोय का?" मालक "दिसतोय" म्हणाला की, "किती बोटं?" उत्तर चुकलं की खिडकी मोठी. त्यामुळे अख्ख्या सोलापुरात मामांची हूडं लांबूनच ओळखू येतात. मागे कापड कमी आणि खिडकी जास्त. पावसात पाणी आत येतं ते वेगळंच.

अशा माणसाच्या हाती इटलीची गाडी द्यायची पाळी माझ्यावर आली, आणि तीही माझ्याच करणीने.

गाडी माझे साडू प्रमोदराव यांची. पुण्यात ते इमारती बांधतात आणि आमच्याकडे आले की त्या कशा बांधल्या ते सांगतात. लाल रंगाची, दोनच सीटची गाडी. बटण दाबलं की कापडी छप्पर आपोआप मागे जाऊन सीटमागच्या खोबणीत घडी होऊन बसायचं. त्यांच्या गौरीचं लग्न इथेच, होटगी रोडच्या एका कार्यालयात, रविवारी होतं. पाठवणी याच गाडीतून करायची असं त्यांनी ठरवलेलं. आठवडाभर आधी गाडी आमच्या दारात लावली आणि किल्ली देताना म्हणाले, "नुसती धूळ पुसा. बाकी कशाला हात लावू नका."

मंगळवारी मी हात लावला. गौरीची मावशी म्हणून हिने रुखवतासाठी शंभर कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा भलाथोरला स्टीलचा डबा तयार केला होता. ते नवी पेठेत रुखवत सजवणाऱ्या बाईंकडे पोचवायचं होतं. हिने भाकरी मांडीवर घेतल्या आणि डबा सीटमागच्या खोबणीत ठेवला. नवी पेठेच्या गर्दीत गाडी अडकली. लोक वाकून वाकून बघायला लागले, त्यात आमच्या शाळेचे दोन शिक्षकही होते. मला राहवलं नाही. मी बटण दाबलं. छप्पर डौलात उचललं गेलं, मागे गेलं आणि डब्यावर बसलं. मागच्या काचेचा चुरा झाला. डब्याचं झाकण उडालं, चुरा नेमका चटणीत पडला, आणि हिला काचेपेक्षा चटणीचंच जास्त वाईट वाटलं.

"दाजींना काय सांगणार आता?" हिने विचारलं.

"काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "रविवारच्या आत बसवायची."

मुंबईच्या शोरूमला फोन लावला. काच सुटी मिळत नाही, अख्खं छप्पर मागवावं लागेल, तीन महिने लागतील, असं गोड आवाजात उत्तर मिळालं. मग इथल्या काचवाल्याकडे गेलो. त्याने भोकात डोकं घालून बघितलं. "काच मी कापून देतो सर. पण ही कापडात धरलेली काच हाय. कापडाचं काम राजय्यामामाच करनार."

"दुसरं कुणी?"

"हाय की. हैदराबादला."

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. लाल रंगाकडे, चाकांकडे, पुढच्या इंजिनाच्या धुडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ मागे जाऊन भोकात हात घातला.

"मागची सीट कुटं हाय?"

"नाही. दोनच सीट."

"मग मागं बगतो कोन?"

"कुणी बघत नाही, मामा. ही गाडी पुढे बघून चालवायची असते."

"कादु," मामा म्हणाले.

मग मी, वय वर्षं चौपन्न, पुढच्याच सीटवर गुडघे टेकून, तिच्या पाठीला मिठी मारून मागे बघत बसलो. मामा कडुलिंबाकडे चालायला लागले. समोरच्या गच्चीवर बायका वाळवण सोडून कठड्याशी आल्या. "किती बोटं?" मामा ओरडले. "चार," मी ओरडलो. "दोनच वर हायत की सर. भोक लई बारीक हाय." भोकात काच नव्हतीच; नीट दिसलं नव्हतं ते माझा चष्मा घामाने भरला होता म्हणून. पण ते ऐकून घेतं कोण.

बुधवारी फुटक्या काचेचा कडेला राहिलेला तुकडा घेऊन मामा माझ्या शाळेत आले. त्यात बारीक तारा होत्या. या कशाला, असं त्यांनी विचारलं. थंडीत काचेवर धुकं धरतं, ते या तारा तापून घालवतात, असं मी सांगितलं.

"सोलापुरात धुकं?"

"मामा, गाडी इटलीची आहे."

"तारा नगं. बसलेल्या मानसाच्या तोंडावर गज दिसतेत." तारा रद्द झाल्या. मला कुणी विचारलंच नाही.

गुरुवारी सकाळी जाऊन बघतो तर मामा बटण दाबून छप्पर उघडत होते आणि मिटत होते. घडी कशी पडते ते बघतोय म्हणाले. किती वेळा बघितलं कुणास ठाऊक, दुपारी बॅटरी बसली. बोळातली शेळी बॉनेटवर चढून उभी होती ती गाडी सुरूच होईना म्हणून खाली उतरेना. माझा तोल सुटला. आतापर्यंत दाबून ठेवलेलं सगळं मी बोलून टाकलं. गाडी माझी नाही, साडूंची आहे, त्यांना काही माहीत नाही, रविवारी त्यांची मुलगी यातून सासरी जाणार आहे आणि तोवर काच बसली नाही तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

मामांनी कानावरचा खडू काढून हातात धरला.

"पोरगी ह्या गाडीतनं जानार?"

"हो."

"आनि बाप कुटं उभारनार?"

"कार्यालयाच्या दारात. आणखी कुठे?"

"पुढं रस्ता सरळ हाय की वळन?"

"सरळ आहे," मी म्हटलं. "त्याचा काय संबंध?"

त्यांनी खडू परत कानावर ठेवला. मला वाटलं, चला, माणूस एकदाचा ताळ्यावर आला. तिथेच माझं चुकलं.

शुक्रवारी संध्याकाळी गेलो तेव्हा छपराला कात्री लागलेली होती. जुन्या भोकाच्या वर चार बोटं आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं इटलीचं कापड कापून खाली पडलं होतं. कुठल्याशा गाडीच्या पुढच्या काचेतून कापून घेतलेला मोठा, किंचित बाकदार तुकडा तिथे बसवला होता. काळ्या गोंदाने कडा धरल्या होत्या आणि गोंद सुकेपर्यंत दाब राहावा म्हणून आतून-बाहेरून मागावरची जुनी लोखंडी वजनं बांधून ठेवली होती. मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

"मामा, एवढी मोठी काच खोबणीत मावेल का?"

"न्हाई."

"मग छप्पर उघडणार कसं?"

"उघडायचं न्हाई आता."

या गाडीची सगळी किंमत ते छप्पर उघडण्यात होती. मी तसं सांगितलं, वाटेल तसं बोललो, पोलिसांचंही नाव घेतलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला गाडीत बोलावून एक गोष्ट दाखवली. छपराच्या बटणावर त्यांनी काळ्या रेक्झिनचा छोटा तुकडा, चारी बाजूंनी गोट घालून, पक्का बसवून टाकला होता. "चुकून कोन दाबायला नगं," म्हणाले. शिवण सुरेख होती, याचाही मला रागच आला.

शनिवारी बॅटरी चार्ज करून आणली, वजनं काढली. काच स्वच्छ, शिवण सरळ, कुठे सुरकुती नाही. मामा म्हणाले, "बसा." मी मुकाट्याने गुडघ्यावर बसलो. भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मामा कडुलिंबापर्यंत गेले आणि त्यांनी हात वर केला.

"तीन," मी ओरडलो. बरोबर होतं. पण मामांनी हात खाली घेतला नाही. मी पुन्हा "तीन" म्हटलं. ते तसेच उभे. काचेतून त्यांच्या बंडीची तुटलेली गुंडीसुद्धा मला दिसत होती, आणि डोळ्यांना लावलेला पंचाही. मी उतरून तिथे गेलो.

"आमची पद्मा," ते म्हणाले, "भिवंडीला दिली. स्टेशनला गेली ती रिक्षा मीच सजवलेली. हूड नवंकोरं. तवा मी खिडकी बारीक ठेवायचो सर, पिवळ्या प्लॅस्टिकची. तसं हूड दिसायला भारी दिसायचं. मी हितंच उभारलो. हात वर करून. रिक्षा वळंस्तोवर."

"मग?"

"मला पिवळं प्लॅस्टिक दिसलं. तिला कायबी दिसलं न्हाई. पोचल्यावर फोन केली. म्हनली, बापू, कोपऱ्यापर्यंतसुद्दा आला न्हाई व्हय?"

मी विचारलं, "मग तुम्ही सांगितलं नाही तिला?"

"सांगितलो की. म्हनली, असू दे बापू, कामात असशील." मामांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. "दिवाळीला येती दर वर्षी. हसती, बोलती. पर तिच्या मनात मी त्या दिवशी आलोच न्हाई. सांगून कुटं दिसतंय सर?"

वीस वर्षं या माणसावर मी चिडत होतो. त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

रविवारी दुपारी चारला कार्यालयाबाहेर ऊन मी म्हणत होतं. प्रमोदरावांनी गाडीकडे बघितलं, काचेकडे बघितलं, भुवया उंचावल्या. मी घाईने म्हटलं, "ऊन फार आहे, छप्पर बंदच असू दे." जावयाच्या कानात सांगितलं, "रेक्झिनला हात लावू नका." पण प्रमोदरावांचं लक्ष कशात नव्हतंच. सकाळपासून मंडपात मोठ्या आवाजात हुकूम सोडणारा हा माणूस आता गौरीची ओढणी सावरत उभा होता. गौरी त्यांच्या गळ्यात पडून रडली, गाडीत बसली आणि गाडी निघाली.

प्रमोदराव चार पावलं गाडीमागे धावले आणि रस्त्याच्या मधोमध थांबले. त्यांनी हात वर केला. गाडी सरळ रस्त्याने लांब लांब जात होती आणि मागच्या काचेत गौरीचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ती सीटवर गुडघे टेकून, उलटी वळून बघत होती, अगदी मी बसलो होतो तशीच. गाडी बोटभर दिसायला लागली तरी तिची हलणारी ओढणी दिसत होती.

प्रमोदरावांचा फोन वाजला. वर केलेला हात खाली न घेता त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"काका," गौरी म्हणाली, "बाबांना सांगा, मला दिसतायत ते अजून. हात खाली घ्या म्हणावं, ऊन लागेल." मग तिने विचारलं, "आणि त्यांच्या मागे पंचा घेऊन उभे आहेत, ते आजोबा कोण? त्यांनीही हात वर केलाय."

मी मागे वळून बघितलं. राजय्यामामांना आमंत्रण द्यायचं मी रागाच्या भरात विसरलो होतो. ते कधी आले, गाडीची काच त्यांनी केव्हा पुसली, मला पत्ता नव्हता. गाडी गेली त्या दिशेला बघत, पूर्ण हात वर करून ते उभे होते.

"आपलेच आहेत," मी म्हटलं. "तू त्यांनाही हात कर."