तिसऱ्या मजल्याचा किल्ला राखिला त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींसही नमन, कां कीं पाणी त्यांचे हातीं. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरीं, माघमासीं तिसऱ्या मजल्यावरील राज्यांत जो प्रकार जाहला तो ऐकावा.

राज्य हेमंतराव महाराजांचें. किल्ला मात्र भाड्याचा, घरमालक बर्डेसाहेबांचा. महाराजांची कन्या ईश्वरी, दहावीची स्वारी तोंडावर, बुद्धि तलवारीसारखी (उगाच नव्हे, खरेंच). तिणें शाळेंत विम्याचें शास्त्र ऐकिलें आणि हट्ट धरिला कीं भाडेकरूचा विमा उतरवावा. महाराज हसले, "घर त्यांचं, विमा आपण काढायचा? परक्याच्या म्हशीला आपली पेंड!" कन्या वदली, "घर त्यांचं, पण हात आपले ना, बाबा? आपल्या हातून त्यांचं मोडलं तर?" आणि मग महाराणींनीं डोळे वटारिले आणि विमा उतरला.

पुढें सोसायटीची टाकी धुण्याचा दिवस आला. महाराजांनीं सकाळीं नळ फिरविला, पाणी नाहीं. उलटा फिरविला, तरी नाहीं. आणि मग नळ उघडा कीं बंद याचा निवाडा न करितां सर्व दरबार साखरपुड्यास गेला. मागें पाणी आलें, आणि सिंकच्या जाळीवर चहाचा चोथा बसला होता, आणि मग पूर येऊन खालच्या पेठेकाकूंच्या स्वयंपाकघराचें नवें कोरें पीओपीचें छत धपकन ओट्यावर आलें.

काकू केसांत चुना घेऊन वर चालून आल्या. "हेमंतराव, अहो अभिषेक देवाला करतात, माझ्या डोक्यावर कसला?" बर्डेसाहेब फोनवर गर्जले, "महिनाअखेर घर खाली करा!" ऐन परीक्षेंत राज्य बुडतें, ऐसा प्रसंग गुदरला.

मग विमा कंपनीचे साहेब पाहणीस आले, बर्डेसाहेब आले, काकूही आल्या. महाराज कन्येच्या कानीं लागले, "पाइप फुटला म्हणू या का?"

"बाबा! एक तर खोटं, वर दोष बर्डेकाकांच्या पाइपला. आपल्या हातून चुकून काही झालं तर, म्हणून तर विमा घेतला. मग चूक सांगायला लाजायचं कशाला?"

तेव्हां महाराज उभे ठाकले, छाती काढिली आणि भर सभेंत बोलिले, "नळ मीच उघडा ठेवला."

विम्याचे साहेब ओलें छत पाहून म्हणाले, "चुकून झालेलं, दुसऱ्याच्या घराचं नुकसान. विम्यात बसतं. छत होईल."

बर्डेसाहेब महाराजांकडे पाहतच राहिले. "आधीचे दोन्ही भाडेकरू पाइपच म्हणाले होते हो. राहा तुम्ही. पोरीची परीक्षा होऊ दे, पुढचा करारही करू."

"छत पांढरंच हवं हं," काकू गरजल्या, "पिवळट चालणार नाही!"

येणेंप्रमाणें राज्य राहिलें, कन्येचा अभ्यास अखंड चालला, महाराज थोर जाहले. तात्पर्य, किल्ला भाड्याचा असो, अब्रू स्वतःच्या मालकीची असावी.