मामींना काय धाड भरलीय?

हौसामामींना ‘तब्येत कशी आहे’ असं विचारणं म्हणजे भांडण विकत घेणं. आधी त्या विचारणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या. मग म्हणायच्या, “मला काय धाड भरलीय?” आणि तिथून त्याच्याच तब्येतीचा पंचनामा सुरू व्हायचा. तुझंच तोंड का उतरलंय, बायको भाकरी घालते का नुसता पाव? एकदा विंचू चावून पाय खांबासारखा सुजला होता. तरी बाई लग्नाला गेल्या, पंगतीत वाढलं, आणि चौकशी करणाऱ्याला म्हणाल्या, विंचवाला जाऊन विचार कसा आहे.

किकवीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी दुधाचा टेम्पो चालवतो. घरोघरचं दूध गोळा करून डेअरीला घालतो. मामींची म्हैस एकच, पण तोरा दहा म्हशींचा. माझं माप खोटं आहे, हे त्या रोज सकाळी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायच्या.

त्यांचे मालक बबनमामा अगदी उलट. मऊ माणूस. रेडकू मेलं तेव्हा दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. मूलबाळ नाही. मामी आणि म्हैस, एवढाच त्यांचा संसार.

अशा बाईला कॅन्सर झाला. पुण्याच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो, कारण मामा धारेसाठी मागे राहिले होते. मामींनी डॉक्टरला दरडावून खरं काढून घेतलं. दुखणं मणक्यात उतरलं होतं, इलाज उरला नव्हता. कळ थांबवायच्या गोळ्या तेवढ्या होत्या, आणि त्या महाग. वाटेत मी म्हणालो, मामांना तुम्हीच सांगा. “सांगते की,” म्हणाल्या.

निराधारांचा पगार मिळाला तर गोळ्या निघतील, असं कुणीतरी सुचवलं. सरकारी कचेरीतल्या कारकुनानं पुण्याचे कागद बोटानं मागे सारले. आजाराचा कागद चालत नाही म्हणाला, अपंगाचा दाखला आणा. चाळीस टक्के मोडल्याशिवाय माणूस सरकारला दिसतच नाही. मरणाला टक्के कुठले असतात, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

ज्या दवाखान्यात तपासणी होती त्याचं नाव लिहीत नाही. मला तिथं पुन्हा जायची वेळ येऊ शकते. मामी हिरवं इरकली लुगडं नेसून, केसांना तेल लावून, कपाळभर कुंकू लावून निघाल्या. सरकारात जायचं तर काय फाटकं नेसून जायचं? टेम्पोतून उतरताना माझा हात झिडकारला. डॉक्टरनं विचारलं, चालता येतं का? येतं की. अंघोळ स्वतः करता? मग काय गावानं घालायची? दुखतं का? “मला काय धाड भरलीय?” शेजारी बसलेले मामा कौतुकानं मान डोलवत होते. वर मामींनी त्या पोरसवदा डॉक्टरला सांगितलं, तुमीच लई वाळलाय, दूध पीत जा.

त्यानं टक्के लिहिले ते एखाद्याच्या करंगळीचं नख दुखावं इतपत.

मी पेटलो. आधी दवाखान्यावर. समोर बाई भिंतीला धरून चालतेय, कागदावर मणका पोखरलेला दिसतोय, आणि हे विचारतात अंघोळीचं. मग मामींवर. परतीच्या वाटेवर मी तोंडाला येईल ते बोललो. एवढा कसला ताठा? मामींनी तेवढं मागं बसलेल्या मामांकडे वळून पाहिलं.

फेरतपासणीची तारीख मिळवायला मी किती हेलपाटे घातले, ते सांगत बसलो तर शिव्या छापाव्या लागतील. तेच लुगडं, तेच कुंकू, तोच डॉक्टर. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात मामी मामांना म्हणाल्या, “जरा च्या घिऊन या. हितला नको, त्या लांबच्या टपरीवरचा.”

मामांच्या चपलांचा आवाज जिना उतरून जाईपर्यंत त्या गप्प बसल्या. मग एकदम बारक्या आवाजात बोलू लागल्या. तसा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

“रातीला कूस बदलता येत न्हाई, डॉक्टर. पाठीत पहार घातल्यावानी व्हतं. मोरीपातुर रांगत जाते, मालक झोपल्यावर. दिवाळी काय मला दिसायची न्हाई. त्यास्नी ह्यातलं कायबी ठावं न्हाई. त्यांच्या म्होरं म्या कसं सांगू?”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

“पगार मिळाला तर गोळ्या हुतील, म्हस इकावी लागायची न्हाई. म्हस गेली तर माज्या मागं ह्यो मानूस सकाळचा कुनासाटी उठंल?”

मामा चहा घेऊन आले. डॉक्टर काय म्हणाले, त्यांनी विचारलं. “काय म्हनायचं? मला काय धाड भरलीय?” मामी म्हणाल्या. डॉक्टर मान वर न करता लिहीत राहिला. या खेपेला त्यानं खरं लिहिलं.

पुढं कचेरी. दाखला दिला, तर मंजुरीची मीटिंग व्हायची होती. साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, मग नवे साहेब अजून रुळले नव्हते. मी टेबलावर हात आपटला, शिपायानं मला बाहेर काढलं. तो राग अजून माझ्या छातीत आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. कारण त्या काळात सारोळ्याचा म्हशींचा दलाल दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मामींनी दाराची चौकट धरून त्याला हाकललं, आणि गोळ्या बंद केल्या. औषधानं पित्त होतं, असं मामांना सांगितलं. भिंतीपलीकडून मला रात्री काहीच ऐकू यायचं नाही. ओठ किती घट्ट मिटावे लागत असतील, ते आता कळतं.

दसऱ्याआधी मामी गेल्या. कचेरीतून लगेच निरोप आला, केस बंद करायला मयताचा दाखला जोडा.

म्हैस दावणीला आहे. तेराव्यानंतर पहाटे टेम्पो घेऊन गेलो, तर मामा किटली धरून दारात उभे. डोळे लाल, दाढी वाढलेली, पण धार काढलेली. दूध मापात ओतताना माझ्या तोंडून नको ते निघून गेलंच, “मामा, तब्येत बरी आहे ना?”

मामांनी किटली पालथी करून शेवटचा थेंब झटकला.

“मला काय धाड भरलीय?” ते म्हणाले, “माप नीट धर.”