विमानाची बारी

"चाळीस वर्षं पोरं हलवली मी! पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत! आणि एवढंसं विमान हलवायला तुझी वाट बघत बसू?"

सावळेराम गुरुजींनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दहा वाजून दहा मिनिटांनी ते परत गिळता आलं असतं तर त्यांनी साखर न लावताही गिळलं असतं. पण तोवर निम्म्या डिंगोरे गावानं ते ऐकलेलं होतं!

वाक्य ज्याला ऐकवलं तो दादाभाऊ. बावीस वर्षं वायुसेनेत फिटर. निवृत्त होऊन गावी येताना माणसं पत्र्याची ट्रंक आणतात, यानं विमान आणलं. म्हणजे लगेच नाही. तीन वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठं वायुसेनेनं एक जुनं, इंजिन काढलेलं, दोन माणसांचं शिकाऊ विमान वर्षाच्या बोलीनं दिलं. कांद्याच्या बंद पडलेल्या गोदामापुढं पत्र्याची शेड होती, त्यात ते उभं राहिलं, दोन्ही पंखांची टोकं बाहेर उन्हात. वर पाटी लागली: 'विमान संग्रहालय, डिंगोरे. रविवारी उघडे.' ही १९९८ सालातली गोष्ट.

गावानं विमानाला आपल्यात घ्यायला महिनासुद्धा लावला नाही. लग्न झालेलं जोडपं मारुतीच्या पाया पडलं, की विमानाच्याही पाया पडायला येई. डाव्या पंखाच्या सावलीत बायकांचा बचत गट बसे. उजव्या पंखावर सरूबाई कुरडया वाळत घालायची. गुरुजी ओरडले की म्हणायची, "गुरुजी, आख्ख्या गावात कोंबडी पोचत न्हाई अशी ही येकच जागा! अन् तुमचं इमान तरी कुटं जाणार हाय?"

आणि रविवारी तिथं गुरुजींचा वर्ग भरे. पगार नाही, हजेरी नाही, तरी चाळीस पोरं! पंखावरून वारा जोरात गेला की विमान का उचललं जातं, शेपूट कशासाठी असतं, हे डिंगोऱ्याची पोरं घडाघडा सांगत. त्यात सगळ्यांत पुढं तेजस्विनी, इयत्ता चौथी. तिला गुरुजींनी एकदा सांगितलं होतं, "नुसता आकडा सांगू नये बाळ, त्याचं माप सांगावं." तेव्हापासून ती जेवायला बसतानाही आईला 'दोन नग भाकरी' मागायची.

आता वर्ष संपलं होतं. पुण्याहून पाहणीचे साहेब येणार होते. विमान नीट सांभाळलेलं दिसलं तर ते कायमचं डिंगोऱ्याला. नाहीतर पुढच्या आठवड्यात ट्रक येऊन ते पुण्याच्या एका मोठ्या शाळेत नेणार. पोरांची तोंडं एवढीएवढीशी झाली, तेव्हा गुरुजींनी शब्द दिला, "विमान कुठंही जाणार नाही. मी आहे ना!"

म्हणूनच त्यांच्या मनात बेत शिजला. साहेबांना अंधाऱ्या शेडमध्ये विमान कशाला दाखवायचं? शाळेच्या मैदानावर ऊन असेल, मांडव असेल, कमान असेल, पोरांच्या रांगा असतील आणि मधोमध विमान! साहेब जीपमधून उतरताच म्हणतील, "वा!"

जुन्नरला साहेबांना आणायला निघालेल्या दादाभाऊनं हात जोडले. "गुरुजी, त्याला बिरेक न्हाईत. मी आल्याबिगर हात लावू नका."

त्यावर ते पोरं हलवल्याचं वाक्य आलं. दादाभाऊ मान हलवत गेला.

आधी वीस माणसांनी ढकलून पाहिलं. विमान वीतभर पुढं गेलं आणि हातभर मागं आलं. ट्रॅक्टर कांदा घेऊन ओतूरच्या बाजाराला गेलेले. मग बैल! पण ट्रॅक्टर आल्यापासून गावात औताचे बैल राहिलेत किती? होती ती एकच जोडी, हौशीरामची. पाखऱ्या आणि तुफान्या. शर्यतीचे बैल. अंडी खाणारे, दूध पिणारे, हौशीरामच्या पोरांपेक्षा रोज जास्त वेळा अंघोळ करणारे!

"गुरुजी, हे बैल चालत न्हाईत," हौशीराम म्हणाला.

"का? पायाला काय झालं?"

"पायाला कायबी न्हाई. त्यास्नी चालायचंच ठावं न्हाई. पळायचं तेवढं ठावं!"

"हौशीराम, बैल तो बैल. तू चौथीत माझ्याकडे होतास, तेव्हाही अशाच शंका काढायचास."

"अन् तवाबी तुमी आयकत न्हवता!"

गुरुजींनी शांतपणे समजावलं. त्यांचा स्वभावच तसा. बैल पळतो कशानं? गोंगाटानं. म्हणून कुणी शीळ घालायची नाही, हलगी वाजवायची नाही, आरडाओरडा करायचा नाही. मैदानावर बसलेल्या पोरांना हुकूम गेला: तोंडावर बोट! मांडवातल्या म्हाताऱ्यांनीही तोंडावर बोट ठेवलं. विमानाच्या चाकांच्या दांड्यांना दोर बांधले, बैल जुंपले, शेपटापाशी हौशीराम आणि दहा गडी धरून उभे राहिले.

"आणि मी पुढं राहतो," गुरुजी म्हणाले. "वाट दाखवायला."

पाहुणे येणार म्हणून त्यांनी डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. लुना सुरू केली आणि बैलांच्या तोंडापुढं वीस पावलांवर नेऊन उभी केली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलांच्या पुढं एक घोडी पळते. तिच्यावर फेटा बांधलेला स्वार असतो. घोडी सुटली की बैल तिच्यामागं जीव खाऊन सुटतात; अशा एका धावेला म्हणतात बारी. हे जुन्नर-आंबेगावातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. गुरुजींना ठाऊक नव्हतं! कारण यात्रेच्या दिवशी सगळं गाव घाटात असताना गुरुजी घरी बसून वह्या तपासायचे, आणि "मी त्या बाजूला फिरकत नाही" असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

गुरुजींनी लुनाची मूठ पिळली. लुना म्हणाली, "फट्‌ फट्‌ फट्‌..."

पाखऱ्यानं गुलाबी फेट्याकडं पाहिलं. तुफान्यानं पाखऱ्याकडं पाहिलं. दोघांनी शेपट्या वर केल्या.

"गुरुजी, लुना थांबवाऽऽ!" मागून हौशीराम ओरडला. दुसऱ्याच क्षणाला त्याच्यासकट दहाही गडी जमिनीवर पालथे होते आणि विमान निघालं होतं!

गुरुजींनी मागं वळून पाहिलं. दोन बैल, चार शिंगं आणि त्यांच्यामागं पंख पसरलेलं विमान! गरुडानं उंदराला पाहावं तसं ते गुरुजींकडं बघत येत होतं. थांबावं तर तुडवले जाऊ, म्हणून त्यांनी मूठ आणखी पिळली. लुना जोरात सुटली, म्हणून बैल जोरात सुटले. बैल जोरात सुटले, म्हणून गुरुजींनी मूठ आणखी पिळली. मधल्या गायरानातून तिघंही एकमेकांना असं शिकवत चालले होते!

"अरे, थांबवा कुणीतरी! हौशीराम! तुझ्या बैलांना सांग काहीतरी!"

मांडवातल्या म्हाताऱ्यांचा निग्रह इथपर्यंतच टिकला. चिमाजी तात्यांनी महिनाभर गुडघ्यापायी अंथरूण धरलं होतं. पुढं फेटा, मागं बैल हे दृश्य दिसलं आणि तात्या टुणकन बाकावर चढले. टोपी हवेत उडवून घाटातल्यासारखं ओरडले, "झाली झाली झालीऽऽ! भिर्रर्रर्रऽऽ!"

मग काय! सगळा मांडव उठला. "भिर्रर्रर्र!" स्वागतासाठी आणलेली हलगी कडाडली. स्वागतासाठी आणलेला गुलाल उडाला. गुरुजी कमानीखालून गेले. बैल कमानीखालून गेले. विमान कमान घेऊन गेलं! उजव्या पंखानं मांडवाचं एक टोक धरलं, आणि पंखावर सकाळीच घातलेल्या सरूबाईच्या कुरडया गारांसारख्या बरसल्या.

एवढ्या कल्लोळात गप्प होती ती फक्त चाळीस पोरं. गुरुजींनी सांगितलं होतं ना, तोंडावर बोट! पण मैदानाच्या उतारावर विमानाचं शेपूट हळूच जमिनीवरून उचललं गेलं, तेव्हा तेजस्विनीला राहवलं नाही. बोट तोंडावर तसंच ठेवून ती किंचाळली, "गुरुजी, शेपूट उचललं! आता उडणार!"

शिकवलेलं तिच्या बरोबर लक्षात होतं. विमान मात्र उडालं नाही. लुना डावीकडं वळली, दोर तुटून बैल तिच्यामागं वळले, विमानाला वळायला कुणी शिकवलं नव्हतं. ते सरळ गेलं आणि मैदानाच्या टोकाच्या शेणखताच्या खड्ड्यात नाक खुपसून, शेपूट आभाळाकडं करून उभं राहिलं. पाखऱ्या आणि तुफान्या लुनापाशी येऊन शांतपणे रवंथ करू लागले.

"साडेतेरा सेकंद!" चिमाजी तात्यांनी घड्याळ बघून जाहीर केलं. "इमान जुंपून साडेतेरा! नुसती गाडी असती तर पयल्या नंबरात व्हती बारी!"

नेमकी तेव्हाच जीप आली.

हलगी थांबली. साहेब उतरले. त्यांनी कमानीकडं पाहिलं, ती नव्हती. मांडवाकडं पाहिलं, तो अर्धा होता. मग खड्ड्यातल्या शेपटाकडं बराच वेळ पाहिलं. दादाभाऊ जीपमधून उतरलाच नाही. दोन्ही हातांत डोकं धरून बसून राहिला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

गुरुजी फेटा सावरू लागले. तेवढ्यात गुडघे सोललेला हौशीराम पुढं झाला. "वारं सुटलं व्हतं, सायेब."

"लई मोटी वावटळ!" सरूबाई म्हणाली. तिच्या अंबाड्यात एक कुरडई अडकलेली होती.

"बारकासा भूकंपबी झाला," चिमाजी तात्या म्हणाले.

सगळं गाव गुरुजींना वाचवायला खोटं बोलत होतं. आणि गुरुजी? गुरुजी गप्प राहिले. क्षणभर त्यांना चक्क बरंही वाटलं! पुढं सगळ्यात जास्त मनाला लागलं ते त्या बरं वाटण्याचंच.

साहेब हुशार होते. ते पोरांच्या रांगेपाशी गेले आणि तेजस्विनीपुढं वाकले. "बाळ, तू सांग. काय झालं?"

तेजस्विनीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी फेट्याचा शेमला चेहऱ्यावर ओढला होता. तिनं पाय जुळवले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "वारं आलं होतं, साहेब. ताशी ऐंशी किलोमीटर."

माप सांगायला विसरली नाही! चाळीस वर्षांत कुणा विद्यार्थिनीनं इतकं बिनचूक उत्तर दिलं नव्हतं, आणि इतकं खोटं तर नव्हतंच नव्हतं. धरणीनं पोटात घ्यावं असं गुरुजींना वाटलं. पण जवळचा एकुलता एक खड्डा विमानानं आधीच अडवला होता.

त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

"साहेब, वारा नव्हता. पानही हललं नाही. विमान मी हलवलं. दादाभाऊ नको म्हणत होता, हौशीराम नको म्हणत होता. मी ऐकलं नाही." मग ते तेजस्विनीकडं वळले. "आणि तू बाळ, माझ्यासाठी पुन्हा असं बोलू नकोस. चूक माझी होती, खोटं तुझ्या तोंडून आलं. त्याची मला लाज वाटते."

तेजस्विनी रडायला लागली. हौशीराम उगाचच बैलांच्या पाठीवरची माशी शोधू लागला.

साहेबांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. अपघाताची नोंद. त्यात कारणं आधीच लिहिलेली होती, फक्त खूण करायची: खराब हवामान, यंत्रातला बिघाड, पक्ष्याची धडक, चालकाची चूक.

"यात बैल कुठं नाहीत," साहेब म्हणाले. "काय लिहू?"

"चालकाची चूक," गुरुजी खालमानेनं म्हणाले.

"पण विमानात तर कुणीच नव्हतं!"

"चालक मीच होतो, साहेब. फक्त विमानाच्या पुढं होतो."

साहेबांनी घाईघाईनं रुमाल तोंडाला लावला. शेणखताचा वास येत असावा, असं गावानं धरलं. मग ते खड्ड्याभोवती दोन वेळा फिरले, वाकलेला पंख बघितला, दबलेलं नाक बघितलं, आणि खाली सही ठोकली.

"गुरुजी, विमान कायमचं तुमचं."

"म्हणजे... आम्ही नीट सांभाळलं म्हणून?"

"नाही हो! आता ते दुसरं कुणी फुकटसुद्धा नेणार नाही!"

एवढं ऐकलं मात्र! पोरांनी असं ओरडायला सुरुवात केली, की साहेबांना चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. हलगी पुन्हा सुरू झाली. हौशीरामनं गुरुजींना खांद्यावर घेतलं. गुरुजी वरून सारखे म्हणत होते, "अरे, खाली उतरव मला! उतरव! मी चुकलोय रे!" पण आमच्याकडं बारी जिंकली की माणसाचं कुणी ऐकत नाही. त्यांच्या तोंडाला, टकलाला, कानांना गुलाल फासला गेला. चुकीबद्दल आयुष्यभर पोरांना कोपऱ्यात उभं करणाऱ्या माणसाची त्याच्याच चुकीबद्दल मिरवणूक निघाली, तीही चार गल्ल्या!

कशीबशी सुटका करून घेऊन ते मागच्या दारानं घरात शिरले. त्यांची बायको साळुबाई चुलीपुढं होती.

"काय झालं विमानाचं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मिळालं," गुरुजी पुटपुटले. "कायमचं मिळालं."

"मग आवाज का असा पडलाय? अन् चांगलं हाय न्हवं?"

गुरुजींनी बराच विचार केला. आज आणखी एक खोटं त्यांना परवडणारं नव्हतं.

"शेपूट चांगलं आहे," ते म्हणाले.