पांढऱ्या फडक्यातला अहेर

गोपाळ टेलरनं तांब्याची कळशी चकचकीत कागदात गुंडाळायला घेतली आणि त्याची पोरगी पुष्पांजली आडवी आली.

"बाबा, कागद नाही वापरायचा."

"काऊन वं? चांगला चांदण्या-चांदण्यांचा हाय."

"लोक टराटरा फाडतात अन् फेकून देतात. मग तो नालीत तरंगते. भेट कापडात बांधायची. कापड पुन्हा वापरता येते. कॉलेजात मॅडमनं गाठी बी शिकवल्या आमाले, अकरा परकारच्या."

गोपाळनं कात्री खाली ठेवली. एरवी त्यानं पोरीला गप्प बसवलं असतं, पण ही भेट साधी नव्हती. नांदुऱ्याला त्याच्या मोठ्या बहिणीची, रुखमाताईची, वास्तुशांत होती. आणि रुखमाताई सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती.

कारणही तसंच होतं. सात वर्षांमागं भाचीच्या लग्नात गोपाळनं ताईला साडी नेसवली. आता आपल्याकडं अहेराची साडी ही काही नेसायला नसते. ती या घरून त्या घरी, त्या लग्नातून या लग्नात फिरत असते. काही साड्यांनी तर काशी-रामेश्वर केलेल्या माणसांपेक्षा जास्त मुलूख पाहिलेला असतो. पण फिरत्या साडीचा एक नियम आहे : जिथून आली तिथं ती परत जाऊ नये. गोपाळनं नेसवलेली साडी रुखमाताईनंच आदल्या वर्षी त्याच्या बायकोला दिलेली होती. ताईनं भर मांडवात घडी उलगडली, पदरावरचा स्वतःच्या हातचा हळदीचा डाग ओळखला आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप घातलं. यंदा मात्र निमंत्रण आलं. पत्रिकेवर तिनं आपल्या हातानं 'नक्की येणे' असं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांवर गोपाळ आठ दिवस जगला. नवी कोरी कळशी घेतली, दुकानदाराची पावतीसुद्धा आत टाकली.

"कापड कोन्तं घेऊ?" पुष्पांजलीनं विचारलं.

दुकानात पांढऱ्या सुती कापडाचा अख्खा तागा पडून होता. एका शाळेनं ऐन वेळी गणवेशाचा रंग बदलला होता, तेव्हापासून तो गोपाळकडं पाहत होता आणि गोपाळ त्याच्याकडं. पुष्पांजलीनं त्यातलं सव्वा मीटर फाडलं, कडेला हातशिलाई घातली. भांडं रिकामं द्यायचं नसतं, म्हणून तिच्या आईनं कळशीत यंदाच्या गव्हाच्या कुरडया भरल्या, वर झाकण बसवलं. रुखमाताईचा लहानपणापासून कुरडईवर जीव. मग पोरीनं कळशी फडक्याच्या मधोमध ठेवली, चारही टोकं वर घेतली आणि झक्क गाठ मारली. गाठीत झेंडूचं फूल खोचलं, तुळशीची मंजिरी खोचली. म्हणाली, "हातातच धरजा बाबा. खाली ठेवाल तर फूल चेंगरन."

बायको दारातून बराच वेळ त्या गाठोड्याकडं पाहत राहिली.

"याले पाहून मले काहीतरी आठवून राह्यलं," ती म्हणाली, "पन काय ते ध्यानात येत नाही."

तिच्या ध्यानात आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नवरा घराबाहेर पडेपर्यंत बायकोला महत्त्वाचं आठवत नाही, ही बुलडाणा जिल्ह्यातल्या संसारांची जुनीच रीत आहे.

धाडहून गोपाळ बुलडाण्याला आला आणि नांदुऱ्याची एसटी लागली. लग्नसराई. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून बसमध्ये पुरुषाला बाकडं मिळणं म्हणजे निवडणुकीला तिकीट मिळण्याइतकं अवघड. गोपाळचे गुडघे मशीन मारून मारून आधीच वाजत होते. दोन्ही हातांनी गाठोडं छातीशी धरून तो रेटारेटीत शिरला आणि आश्चर्य झालं. गर्दी दुभंगली. एका दाढीवाल्या गड्यानं तोंडातला तंबाखू खिडकीबाहेर थुंकून दिला. एका बाईनं पोराच्या हातातला वाजता मोबाईल बंद केला. कंडक्टर देवानंद, जो स्वतःच्या सासऱ्यालाही उभा नेतो अशी त्याची ख्याती, तो हळू आवाजात म्हणाला,

"काका, नाशिकले ना? नांदुऱ्याहून रेल्वेनं?"

गोपाळनं छातीशी धरलेल्या गाठोड्याकडं पाहिलं. पांढरं फडकं, वर गाठ, झेंडू, तुळस. बायकोला जे आठवत नव्हतं ते त्याला तत्काळ आठवलं. आपण अस्थी घेऊन निघाल्यासारखे दिसतोय!

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीजवळचा एक धट्टाकट्टा माणूस उठला. "बसा बापू."

गोपाळच्या गुडघ्यांनी तोंडाच्या आधी निर्णय घेतला. तो बसला आणि त्यानं मान हलवली.

"एकच तिकीट देतो," देवानंद म्हणाला. "त्याईचं लागत नाही."

शेजारी बीबीहून आलेली सत्तरीपलीकडची सत्यभामाबाई बसलेली. मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी. तिनं आधी गाठोड्याला हात जोडले, मग चौकशीला सुरुवात केली.

"कोण गेलं रे बापा?"

"काका," गोपाळ म्हणाला. आपल्याला काका नाही, हे त्याला माहीत होतं. नसलेल्या माणसाला मारण्यात पाप नाही, असा त्यानं हिशेब केला.

"सख्खे?"

"हाव."

"कशानं गेले?"

"झोपेत."

"पुण्यवान माणूस. पोरंबाळं?"

"नव्हते. मलेच पोरगा मानत."

एवढ्यावर थांबायचं तर सत्यभामाबाई कसली! काका काय खात, कुठल्या अंगावर झोपत, शेवटचं काय बोलले, सगळं तिनं खोदून काढलं. राजूर घाट उतरेपर्यंत काकांना दमा होता, मोताळ्यापर्यंत त्यांनी दोन विहिरी खोदल्या आणि शेजाऱ्याच्या बैलाला पुरातून वाचवलं. घाटाच्या वळणांवर कळशीतल्या कुरडया कडकड मोडल्या, तेव्हा अख्ख्या बसनं तो आवाज ऐकला आणि माणसांनी डोळे मिटले. गोपाळच्या डोळ्यांत तर खरंच पाणी आलं. इतका देवमाणूस आपल्या घरात असायला पाहिजे होता, असं त्याला मनापासून वाटलं.

सत्यभामाबाईनं पिशवीतून गुलालाची पुडी काढून गाठोड्यावर वाहिली. तिचं पाहून मागून बुक्का आला, पुढून फुलं आली. दाढीवाल्यानं उदबत्ती लावून ती फडक्याच्या गाठीत खोचली. देवानंदनं घंटी मारून बस चक्क नांदुऱ्याच्या रेल्वे टेसनापुढं उभी केली.

"मले बसस्टँडवर उतरू द्या ना," गोपाळ काकुळतीला आला.

"गाडी हुकन तुमची! काकाले वाटेत थांबवू नाही," असं म्हणून देवानंदनं त्याला दंडाला धरून उतरवलं. दाढीवाला प्लॅटफॉर्मपर्यंत सोबत आला. नाशिककडं जाणारी गाडी येऊन जाईपर्यंत गोपाळला खांबाआड लपून राहावं लागलं.

तिथून ताईचं नवं घर मैल-दीड मैल. ऊन असं की डांबर चपलेला सोडत नव्हतं. गोपाळनं गुलाल झटकायचा प्रयत्न केला, तर पांढरं फडकं गुलाबी झालं. बुक्का पुसला, तर काळं झालं. गाठ सोडून टाकावी म्हटलं तर ती पोरीच्या अकराव्या प्रकारची होती, घामेजल्या बोटांना दाद देईना. शेवटी तो तसाच निघाला. ताई एकदा कुरडई बघेल, हसेल, 'ये गोपाळ' म्हणेल. बाकी कोणाला काय माहीत?

नव्या घरापुढं मांडव, दाराला आंब्याचं तोरण. आत भटजींचा आवाज. गोपाळनं उंबऱ्यावर उजवा पाय ठेवला आणि आतून किंकाळी आली.

"अगं बाई! हाडं घेऊन घरात आला हा!"

सत्यभामाबाई! रुखमाताईच्या नवऱ्याची आत्या निघाली ती. टेसनावर उतरवून दिलेला माणूस वास्तुशांतीच्या दारात पाहून तिच्या हातातलं तबक पडलं. बायका मागं सरकल्या, पोरं उचलली गेली. ताईचा नवरा रामराव धावत आला. त्याच्या मागं रुखमाताई, हातात आरती, तोंडाला कुलूप तसंच.

"गोपाळराव, डोकं फिरलं का तुमचं?" रामराव ओरडला. "कोनाच्या अस्थी हायेत ह्या?"

गोपाळनं पाहिलं, वाट दोनच. अस्थी आहेत म्हणावं तर नव्या घरात मढं आणल्याचं पाप. नाहीत म्हणावं तर म्हातारीला दोन तास रडवल्याचं.

"अस्थी नाहीत भाऊजी," तो म्हणाला. "अहेर हाय. कापडात बांधला. पुन्हा वापरता येते."

"मग तुझा काका?" सत्यभामाबाई कडाडली. "दोन विहिरी खोदणारा? तो मेला ना?"

"मेला नाही, आत्याबाई. तो जन्मलाच नाही."

"सोडा ते गाठोडं!" रामराव म्हणाला.

गाठ सुटेना. शेवटी गोपाळनं दात लावले. ते दृश्य पाहून दोघी जणी भिंतीला टेकल्या. फडकं खाली पडलं आणि आतून तांब्याची कळशी निघाली. भटजी चौरंगावरून उठून दोन पावलं मागं झाले. कारण अस्थी तांब्याच्याच भांड्यात नेतात, हे काय त्यांना कोणी शिकवायला पाहिजे? गोपाळनं घाईघाईनं झाकण काढलं. आत घाटातल्या वळणांनी चुरा केलेल्या पांढऱ्याफटक कुरडया. कांड्या कांड्या.

"बघा! कुरडया हायेत!" गोपाळ म्हणाला.

कोणीही बघायला पुढं आलं नाही. निराशेनं माणूस काय करेल नेम नसतो. गोपाळनं मूठभर चुरा उचलला आणि सगळ्यांदेखत कडाकडा चावून खाल्ला.

पहिल्या पंगतीतली तेरा माणसं ताटावरून उठली. त्यातली दोन खामगावला पोहोचल्यावरच थांबली म्हणतात.

भटजींनी मग निकाल दिला. आत काहीही असो. ज्या वस्तूवर चाळीस माणसांनी गुलाल-बुक्का वाहून शांती मागितली, ती या घरात येणार नाही. तिची वाट एकच, पूर्णा नदीत. गोपाळनं फडकं उचललं, कळशी पुन्हा बांधली आणि साधी गाठ मारली. सात वर्षांनी उघडलेलं दार त्यानं स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं. तो वळला.

"थांबा," रुखमाताई नवऱ्याला म्हणाली. भावाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. "मी जाऊन येतो येरळीले. याले एकट्याले सोडलं तर हा वाटेनं आजून कोनाले मारन."

पंगती उरकल्यावर रिक्षा केली. ताई एका बाजूला, गोपाळ दुसऱ्या बाजूला, मधे कळशी.

"त्याले सांगा, नीट धर मनाव," ताई रिक्षावाल्याला म्हणाली.

"नीट धरा," रिक्षावाला म्हणाला.

"तिले सांगा, माही चूक झाली," गोपाळ म्हणाला.

"चूक झाली म्हणतात," रिक्षावाला म्हणाला.

"कोन्ती? त्याले इचारा. मोजून सांग मनाव."

रिक्षावाल्यानं आवाज चढवून गाणी लावली.

येरळीला पूर्णेत उन्हाळ्यामुळं पाणी बेताचंच. काठावरच्या दगडावर ताई गाठोडं मांडीवर घेऊन बसली. गोपाळ चार हात अंतरावर उभा, जवळ जावं की नाही या विचारात. तेवढ्यात खांद्यावर जाळं टाकलेला एक भोई पाण्यातून वर आला. गाठोडं पाहून थबकला.

"कोन गेलं, बाई?"

ताईनं गाठोड्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "माहा भाऊ."

"अरे रे! कधी?"

"सात वर्सं झाले."

"सात वर्सं? अन् आता आनलं?"

"सापडतच नव्हता. आज दारात आला."

भोयाला ते काही उमगलं नाही, पण दुःखात माणूस असंच बोलतं हे तो जाणून होता. त्यानं जाळं खाली ठेवलं. "सोभाव कसा होता?"

"सोभाव सोन्यासारका. अक्कल मात्र नव्हती. माही साडी मलेच अहेर केली त्यानं."

"खोका नवीन घेतला होता," गोपाळ पुटपुटला.

"गेलेल्या मानसाचं असं बोलू नाही, बाई," भोई म्हणाला. "बहिनीनं माफ केल्याबिगर जिवाले शांती भेटत नाही."

ताईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलत होते. भोयाला वाटलं रडते. गोपाळ तिला लहानपणापासून ओळखत होता. ती हसायची तेव्हाच तिचे खांदे असे हलायचे.

"केलं," ती कशीबशी म्हणाली. "केलं माफ."

"हे कोन?" भोयानं गोपाळकडं बोट केलं.

सात वर्षांत पहिल्यांदा रुखमाताईनं गोपाळकडं सरळ पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हा टेलर हाय," ती म्हणाली. "फडकं याचं."

भोयानं डोक्याचं मुंडासं सोडलं, गाठोड्यापुढं वाकून हात जोडले. मग ताठ उभ्या असलेल्या गोपाळकडं त्यानं रोखून पाहिलं, जणू विचारतोय, जरा तरी माणुसकी आहे का नाही. गोपाळनं डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि स्वतःला हात जोडले.