एका माणसाची सर्वसाधारण सभा

आमच्या राइस मिलच्या फाटकावर दरवर्षी निळ्या शाईत लिहिलेली एक नोटीस लागते. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, युनियनची वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मिलसमोरील चहाच्या टपरीवर भरेल. सर्वांनी वेळेवर हजर राहावे.' नोटीस लिहिणारे दुलीचंदभाऊ, डकवणारेही दुलीचंदभाऊ. आणि 'सर्व सभासद' म्हणजेसुद्धा दुलीचंदभाऊच, कारण त्या युनियनमध्ये दुसरं कोणी उरलेलंच नाही.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून पावणेदहालाच हजर होतात आणि हजेरीपुस्तकात सही करतात. युनियनच्या घटनेप्रमाणे कोरम तिघांचा. मग दहा वाजता ते टपरीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब." अर्धा तास मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसतात. साडेदहाच्या ठोक्याला तीच सभा त्याच बाकावर पुन्हा सुरू होते, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. एका वर्षी तर त्यांनी अध्यक्षांच्या कारभाराबद्दल, म्हणजे स्वतःबद्दलच, नाराजीचा ठराव मांडला होता. तो एकमताने मंजूर झाला.

धान उकडायच्या बॉयलरवरच त्यांची सगळी नोकरी झाली. मी पलीकडे पॉलिशच्या मशीनवर. सकाळी भेटले की त्यांची सुरुवात ठरलेली. "विषय क्रमांक एक, चहा. विषय क्रमांक दोन, तुह्या मायचा गुडघा कसा आहे?" अचानक काही उपटलं, साप निघाला किंवा साहेब आले, की तो 'आयत्या वेळचा विषय'. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नव्हता बाप्पा." आणि मांडवामागे निघून गेले. आता मुलगी रायपूरला असते. बायको लग्नाआधीच वारली होती.

दुसरी खोड वाचायची. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, औषधाच्या डबीतला घडी केलेला कागद, सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आम्ही मात्र जिथे बोट दाखवतील तिथे सही करून मोकळे.

काही वर्षांमागे मिलमध्ये नवी युनियन आली. तिने वाढीव मजुरीचा नवा करार आणला, पण तो तिच्या सभासदांपुरता. सगळ्यांना जायचं होतं आणि सगळे भीतही होते. जुनी युनियन सोडली की पेन्शन बुडते अशी कोणीतरी आवई उठवली होती. तेव्हा दुलीचंदभाऊच मशीनमशीनला फिरले.

"काऊन भेऊन राहिले तुमी? पीएफची पेन्शन तुमच्या नंबरले चिकटली आहे, युनियनले नाही. झेंडा कोणताई धरा, तिले काई होत नाही. मिलसंगचा करार तेवढा येगळा. तो युनियनसंग आहे. युनियन सोडली का तो सुटला."

पहिली दोन वाक्यं ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. पुढचं कोण ऐकतो. सह्या करायच्या सभेत भाऊ हात वर करून उभे राहिले. "एक मुद्दा आहे. जुन्या करारातलं कलम अकरा." जेवणाची सुट्टी संपत आली होती. मागून कोणीतरी ओरडलं, "बसा ना भाऊ." तो ओरडणारा मीच होतो. हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

भाऊ बसले. आम्ही सगळे गेलो, ते गेले नाहीत. आम्हाला वाढ मिळाली, ते जुन्याच मजुरीवर राहिले. काऊन, म्हणून विचारलं की म्हणत, "तो विषय पटलावर नाही." आम्ही त्यांना हेकट ठरवून टाकलं आणि त्यांच्या सभेवर वर्षानुवर्षं पोट धरून हसलो.

यंदा पावसाळा संपता संपता ते रिटायर होणार होते. त्यांच्या निरोपाला हार आणायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून तारीख विचारायला मी मुनीमजींकडे गेलो. मुनीमजींनी कागद चाळत सहज सांगितलं, "महीने की आखिरी तारीख. उसी दिन पुराना एग्रीमेंट भी खतम. यमुनाबाई का भी बंद करना पड़ेगा."

यमुनाबाई म्हणजे आमच्या सुखरामची बायको. सुखराम भाऊंचा बॉयलरवरचा जोडीदार, नवी युनियन यायच्या आधी कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. यमुनाबाई कामठ्याला एकटीच राहते. कलम अकरा मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. कामावर मेलेल्या मजुराच्या विधवेला मिलकडून दरमहा पेन्शन, तिच्या हयातीपर्यंत. मात्र जुन्या युनियनचा एक तरी सभासद मिलमध्ये कामावर असेल तोवरच. नव्या करारात आधीच्या विधवांबद्दल एक ओळ नव्हती. कागदाप्रमाणे मिलचं काहीच चुकत नव्हतं. चुकलं होतं ते बोट दाखवलं तिथे सही करणाऱ्यांचं.

इतकी वर्षं एक माणूस कमी मजुरीवर एका बाईची पेन्शन तोलून धरून होता, आणि आम्ही हसत होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मी जुन्या युनियनमध्ये परत गेलो तर नवी वाढ जाईल, हेही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग जा ना. मले कायले विचारून राहिले?"

सभेच्या रविवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना मी टपरीवर पोचलो. भाऊ बाकावर बसले होते, शेजारी हजेरीपुस्तक. मी नव्या युनियनच्या राजीनाम्याची पोच आणि जुन्या युनियनचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन्ही कागद वाचले. मागची कोरी बाजूसुद्धा वाचली.

"तुले कोणं सांगतलं?"

"मुनीमजींनी. भाऊ, तुम्ही आम्हाला बोलले काऊन नाही?"

"दुसऱ्याच्या पोटावर कसा पाय देऊ? अन् यमुनाबाईले समजलं असतं त तिनं पेन्शन सोडली असती." त्यांनी अर्ज हजेरीपुस्तकावर ठेवला. "बोललो होतो एक डाव. सभेत."

मी मान खाली घातली. त्यांनी पेन उघडून पुढे केलं. "अर्ज मंजूर. इथं सही कर. आधी वाच."

मी वाचलं आणि सही केली. मग आगाऊपणा करून म्हणालो, "भाऊ, सुखरामभाऊला धरलं तर तिघं होतात. कोरम झाला."

"मेलेला माणूस सभासद राहत नाही. घटना वाच." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि टपरीवाल्याकडे वळून आवाज चढवला, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब. दोन चहा."

त्या टपरीवर त्यांनी दोन चहा पहिल्यांदाच सांगितले असावेत, कारण टपरीवाल्याने पुन्हा विचारून घेतलं.

चहा पिता पिता भाऊ सुखरामबद्दल बोलायला लागले. तो वाफेवर रताळी कशी उकडायचा, कचारगडच्या जत्रेत त्याची चप्पल कशी हरवली आणि तो दुसऱ्याची घालून कसा आला. मग मुलीचं निघालं, तिचा फोन कोणत्या दिवशी येतो ते. मग बायकोचं. विषयांना क्रमांक नव्हते. ते बोलत होते आणि मी ऐकत होतो.

साडेदहा कधीच वाजून गेले होते. मी भाऊंच्या मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि आणखी दोन चहा सांगितले.