अकरा वर्षांचा परतावा

जास्त भरलेल्या सेवाकराचा परतावा म्हणून यमुना परचुरेला अकरा वर्षं परत मिळाली आणि मंगळवारी दुपारी ती बेचाळीस वर्षांची होऊन घरी आली.

तिची जुळी बहीण कालिंदी त्या वेळी ओट्याशी पालक निवडत होती. ती त्रेपन्न वर्षांचीच होती.

त्या गावात सेवाकर वयातून कापला जाई; जितकी वर्षं कापली, तितकं माणूस म्हातारं होई. यमुनेचं ब्यूटी पार्लर होतं, कालिंदीचं ड्रायव्हिंग स्कूल. कर कार्यालयाने दर चुकीचा लावला होता आणि दोघींचं वय अकरा-अकरा वर्षं जास्त कापलं गेलं होतं. यमुनेने वर्षाच्या आत अर्ज केला. कालिंदी तेव्हा हसली होती. "गेलेलं वय कोण परत देतंय?"

आता ती यमुनेच्या मानेकडे बघत होती. मानेवर एकही सुरकुती नव्हती.

"अगं, बघतेस काय अशी?" यमुना म्हणाली.

"काही नाही. छान दिसतेस."

आठवडाभरात भाजीवाल्याने कालिंदीला विचारलं, "मावशी, तुमच्या मुलीनं सकाळीच मेथी नेली, तुम्हाला परत कशाला?" कालिंदी मेथी न घेताच घरी आली आणि कपाटातल्या फायली उपसू लागली.

कार्यालयातले अधीक्षक टेंबे यांनी तिचा अर्ज शांतपणे वाचला.

"मुदत कर भरल्या तारखेपासून एक वर्ष. तुम्हाला नऊ दिवस उशीर झालाय."

"मला ताप होता हो."

"तापालाही नियमात सवलत नाही."

कालिंदी उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "बहिणीच्या परताव्यावर हरकत घेता येते?"

"येते. कराचा बोजा तिने दुसऱ्या कुणावर टाकला होता, हे सिद्ध करावं लागेल. म्हणजे ते वय तिचं गेलंच नव्हतं, असं."

कालिंदीला लगेच आठवलं. आई चार वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा लग्नसराईत यमुना पार्लरमध्ये नवऱ्या सजवत असे आणि दवाखान्यात बसत असे कालिंदी. तिच्याकडे दवाखान्याचे नातेवाइकांसाठीचे सहाशे बारा पास होते, प्रत्येकावर तिचं नाव. तिने ते तारखेनुसार लावले, साक्षांकित करून घेतले आणि हरकतीला जोडून पोच घेतली.

सुनावणीला दोघी एकाच रिक्षातून गेल्या.

"हे पास खरे आहेत?" टेंब्यांनी यमुनेला विचारलं.

यमुनेने ते एकेक करून चाळले. बराच वेळ लागला. "खरे आहेत. आईजवळ हीच बसायची. मला वाटलं होतं, तिला ते आवडतं."

टेंब्यांनी तिथेच आदेश लिहिला. अकरा वर्षं वसूल, वर व्याज आणि दंड मिळून आठ. यमुनेने सही केली. सही सुरू करताना ती बेचाळीसची होती, संपवताना एकसष्ट.

"मग ती अकरा वर्षं आता मला मिळतील ना?" कालिंदीने विचारलं. "बोजा माझ्यावर होता."

"बोजा तुमच्यावर होता, हे मान्य. पण तुमची मुदत गेली. ती ग्राहक कल्याण निधीत जमा होतील."

जिन्यावर यमुनेने तिचा दंड धरला. "कालिंदे, हळू गं. गुडघा दुखतोय."

कालिंदी हळू उतरली. जे हवं होतं ते झालं होतं. यमुना आता तिच्याहून तरुण नव्हती. तिला बरं वाटायला हवं होतं आणि दोन जिने उतरेपर्यंत वाटलंही.

परतीची बस भरलेली होती. यमुना चढताच कंडक्टरने एका कॉलेजकुमाराला उठवलं. "आजी, या, खिडकीशी बसा."

यमुना बसली. वाऱ्याने तिचे पांढरे केस हलले आणि तिने सुखाने डोळे मिटले.

"तुम्ही जरा आत सरका हो बाई," कंडक्टर कालिंदीला म्हणाला.

कालिंदी आत सरकली. गाव येईपर्यंत ती दांडी धरून उभी होती आणि तिची नजर खिडकीजवळच्या त्या जागेवरून हलली नाही.